डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांचा तोल: घरी सराव कसा घ्यावा

“बाबा, पाय उचलून टाका. खाली बघा. अहो, काठी कुठे राहिली?” बाहेरच्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाताना मागून एवढ्या सूचना येतात. बाबा थांबतात, बोलणाऱ्याकडे वळून बघतात आणि नेमका त्या वळण्यातच त्यांचा झोक जातो.

स्वीडनमधल्या उमिओ इथल्या संशोधकांनी १९९७ साली एक साधं निरीक्षण मांडलं होतं. चालता चालता कुणी बोलायला लागलं की जी वृद्ध माणसं थांबतात, ती पुढे पडण्याची शक्यता जास्त असते. तुम्हाआम्हाला चालताना पावलांचा विचार करावा लागत नाही. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, मात्र चालणं लक्ष मागू लागतं, आणि नेमकं लक्षच अपुरं पडत असतं. त्यात अंतराचा अंदाज चुकतो, धोका ओळखायला उशीर होतो, आपल्याला आता हे झेपत नाही याचाही विसर पडतो. त्याच वयाच्या इतरांच्या मानाने डिमेन्शिया असलेली माणसं साधारण दुपटीने पडतात, त्यामागे हे सगळं असतं.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. दोन टोकं नेहमी दिसतात. एका घरात आजींना ‘पडतील’ म्हणून दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलेलं असतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या मांड्या इतक्या कमजोर होतात की त्या खरंच पडायला लागतात. दुसऱ्या घरात मोबाइलवरचे व्हिडिओ लावून नवनवे व्यायाम शिकवायचा अट्टहास चाललेला असतो, आणि आजी वैतागलेल्या असतात. माझं म्हणणं असं की नवीन काही शिकवायला जाऊ नये. आयुष्यभर अंगवळणी पडलेल्या हालचाली डिमेन्शियात बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहतात. त्यांच्यातूनच तोलाचा सराव घ्यावा. रोज तोच, त्याच जागी, कमीत कमी बोलून. आणि तो थोडासा अवघड हवा. खुर्चीत बसून नुसते घोटे फिरवण्याने उभ्या माणसाचा तोल सुधारत नाही.

आधी डॉक्टरांकडून काय तपासून घ्यायचं

ही पायरी गाळून सराव सुरू करू नका. तोल जाण्याची सगळीच कारणं मेंदूच्या झिजेत नसतात. त्यातली काही चक्क बरी होणारी असतात.

पहिलं म्हणजे रक्तदाब, तोही झोपून आणि उभं राहून. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताच मेंदूला रक्त कमी पडतंय असं समजायचं. दवाखान्यात बहुतेक वेळा बसवूनच मोजतात, त्यामुळे हे निसटतं. घरी मशीन असेल तर दोन-तीन दिवस सकाळी उठल्यावर मोजून आकडे लिहून न्या. मोजताना कुणीतरी शेजारी हवं.

दुसरं, गोळ्यांची पिशवी. सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ओता, अगदी केमिस्टकडून परस्पर आणलेल्यासुद्धा. झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू असलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, चिडचिड कमी करायला दिलेली क्वेटिआपीन किंवा रिस्पेरिडोन, या सगळ्या तोलावर परिणाम करू शकतात. स्मरणशक्तीसाठी दिली जाणारी डोनेपेझिलसुद्धा काहींच्या हृदयाचे ठोके मंदावते आणि भोवळ आणते. पण यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर झटके येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.

तिसरं, रक्तात बी-१२. कट्टर शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याची कमतरता भरपूर आढळते. बी-१२ कमी असलं की तळपायांकडून येणारी जाणीव मंदावते आणि अंधारात, डोळे मिटल्यावर झोक जातो. मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायांचंही तेच होतं. डोळे तपासा. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते, म्हणून चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा चष्मा वेगळा करून घेता येतो. आणि पायांची नखं बघा. वाढून आत वळलेल्या नखामुळे लंगडणारी माणसं मी ‘डिमेन्शियाची चाल’ म्हणून पाठवलेली पाहिली आहेत.

दोन गोष्टी मात्र तातडीच्या. चाल, लघवीवरचा ताबा आणि स्मरण ही तिन्ही थोड्याच महिन्यांत एकदम बिघडली, पाय फरशीला चिकटल्यासारखे वाटू लागले, तर मेंदूत पाणी साचण्याचा आजार आहे का ते न्यूरोलॉजिस्टकडून बघून घ्या; त्यावर शस्त्रक्रिया आहे. आणि डोक्याला किरकोळ मार लागून दोन-तीन आठवडे झाल्यावर झोपाळूपणा किंवा चालण्यात अचानक फरक दिसला, तर डोक्याचा सीटी स्कॅन टाळू नका. विशेषतः रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मुळीच नाही.

आज आपण कुठे आहोत, ते मोजा

हातांची, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवा. तिच्यापासून ३ मीटरवर फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावा. खुर्चीतून उठून पट्टीपर्यंत चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीने, काठी वापरत असतील तर काठी घेऊन. मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. डिमेन्शियात वेळेबरोबर बघण्यातही पुष्कळ कळतं. उठताना किती प्रयत्न लागले, वळताना किती बारीक पावलं पडली, बसताना खुर्ची गाठायच्या आधीच अंग टाकलं का, मध्येच ‘काय करायचं होतं?’ झालं का, हे टिपून ठेवा.

उभं राहण्याची चाचणी ओट्याशी घ्या. आधी पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून, प्रत्येकी १० सेकंद. शेवटची स्थिती १० सेकंद धरता आली नाही तर सराव हवाच. आणखी एक: हात छातीशी घडी करून ३० सेकंदांत किती वेळा खुर्चीतून पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. पंचाहत्तरीच्या आसपास साधारण दहा-अकरा वेळा यायला हवं. हातांचा आधार घ्यावाच लागत असेल तर तसं लिहा.

सूचना समजली नाही म्हणून आकडा वाईट येतो, असं खूपदा होतं. आधी स्वतः करून दाखवा, मग त्यांना एकदा करू द्या, आणि तिसऱ्या वेळचा आकडा घ्या. त्यांची तुलना पुस्तकातल्या आकड्यांशी करण्यापेक्षा सहा आठवड्यांनंतरच्या त्यांच्याच आकड्यांशी करा.

जागा आणि वेळ

सरावाची सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. तो हलत नाही, उंचीला बरोबर असतो आणि घरातल्या बायकांच्या हाताला चाळीस-पन्नास वर्षं ओळखीचा असतो. मागे खुर्ची ठेवा, म्हणजे दमल्यावर लगेच बसता येतं. प्लास्टिकची हलकी खुर्ची वापरू नका. टाइल्सवर ती पायाखालून सरकते. पायपुसणी, सतरंजी, चार्जरची वायर आधी उचला. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने चकचकीत फरशी ओली दिसते आणि माणूस पाय टाकायला घाबरतो, तेव्हा पडदा ओढा.

मोजे घालून फरशीवर चालणं बंद. हवाई चप्पलही नको. घरात चप्पल चालत नसेल तर फक्त घरासाठीची वेगळी जोडी ठेवा, मागे पट्टा असलेली, पातळ आणि टणक तळव्याची. धोतराचा सोगा, गाऊनची लांब किनार, सैल पायजमा, यांत पाय अडकतो. सरावापुरतं तरी आखूड करा.

वेळ रोज तीच हवी. बहुतेकांना सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बरं जातं. दिवस कलल्यावर अनेकांची घालमेल वाढते, त्या वेळी सराव घेऊ नका. टीव्ही बंद, मिक्सर बंद, आणि ‘आजी, मी आलो’ म्हणत मध्येच धावत येणारा नातू पंधरा मिनिटांसाठी खाली खेळायला.

बोलायचं कसं

‘चला, व्यायाम करायचा आहे’ म्हटलं की हमखास नकार येतो. ‘आई, जरा हा डबा वर ठेवायला मदत कर ना,’ म्हटलं की आई उठते. कामाला कारण असलं की अंग आपोआप हलतं.

एका वेळी एकच सूचना, चार शब्दांपेक्षा लहान. ‘उभे राहा.’ मग पाच सेकंद थांबा. मेंदूला तेवढा वेळ लागतो. त्या वेळात तुम्ही दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. समोर उभं राहून स्वतः करून दाखवलं तर शब्दांची गरजच कमी होते. ब्युरोतून येणाऱ्या मावशी, सून, मुलगा, सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. एकाने ‘पुढे सरका’ आणि दुसऱ्याने ‘कडेला या’ म्हटलं तर ती दोन वेगळी कामं होतात. शब्द कागदावर लिहून फ्रिजला लावून ठेवा.

चूक होऊ देऊन मग सुधारायची, ही शाळेतली पद्धत इथे उलटी पडते. चुकीची हालचाल केल्याची आठवण राहत नाही, पण अंगाला तीच सवय लागते. म्हणून चूक होण्याआधीच हाताच्या हलक्या स्पर्शाने बरोबर दिशा द्या. ‘काल काय शिकवलं होतं?’ हा प्रश्न तर कधीच विचारू नका. आठवत नाही हे त्यांना कळतं, आणि ते लागतं.

तुम्ही कुठे उभं राहायचं

त्यांच्या कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे. एक हात त्यांच्या कमरेमागे, दुसरा खांद्यापुढे, न टेकवता. काखेत हात घालून ओढायचं नाही. खांदा दुखावतो आणि माणूस मागे रेलतो. गाऊन किंवा पायजम्याची नाडी धरून सावरायला जाऊ नका, कापड सरकतं. सर्जिकलच्या दुकानात मिळणारा कमरेचा रुंद ट्रान्सफर बेल्ट ही या सगळ्या खरेदीतली सगळ्यात उपयोगी वस्तू. त्यांचं वजन तुमच्यापेक्षा बरंच जास्त असेल किंवा तुमचीच कंबर धरलेली असेल, तर एकट्याने उभं राहण्याचा सराव घेऊ नका.

सराव

*खुर्चीतून उठणं आणि बसणं.* एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. दिवसातून अनेकदा लागणारी, मांड्यांना बळ देणारी आणि सगळ्यात जास्त चुकीची केली जाणारी. आजी खोल सोफ्यात मागे टेकून बसलेल्या असतात, कुणीतरी समोरून दोन्ही हात धरून ओढतं, त्या घाबरून मागे जोर लावतात, आणि दोघांची रस्सीखेच होते.

खुर्चीची बैठक गुडघ्यांच्या उंचीला, साधारण १८ इंच, आणि टणक हवी. मग क्रमाने:

१. ‘पुढे सरका.’ बैठकीच्या कडेपर्यंत.
२. ‘पाय मागे.’ टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन पायांत वीतभर अंतर.
३. ‘खाली वाका.’ नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत. इथेच बहुतेक जण अडतात, कारण पुढे पडू अशी भीती असते. समोर स्टूल ठेवून त्यावर हात टेकवायला लावा किंवा समोर धरलेली वाटी घ्यायला सांगा. वाकणं आपोआप होतं.
४. ‘उभे राहा.’ आणि उभं राहिल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत तिथेच. रक्तदाब उतरणाऱ्यांसाठी हा थांबा फार महत्त्वाचा.

बसताना घाई असते. खुर्ची दिसली की दोन पावलं आधीच अंग टाकतात. मागे सरकत गुडघ्यांच्या मागच्या बाजूला खुर्ची लागली पाहिजे, मग हात खुर्चीच्या हातांवर, मग हळूहळू खाली. पाच वेळा करा, दम खा, पुन्हा पाच. हातांचा आधार जसा सुटत जाईल तसतसा सराव कठीण होतो. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली तरी चालेल, नंतर काढा.

*ओट्याशी उभं राहणं.* दोन्ही तळवे ओट्यावर. घट्ट पकडायचं नाही. पकड घट्ट असली की तोल हात सांभाळतात आणि पायांना काही काम उरत नाही. आधी दोन्ही तळवे, मग दोन्ही हातांची बोटं, मग एका हाताची बोटं, असा आधार आठवड्या-आठवड्याने कमी करा. पाय जुळवून उभं असताना खिडकीतून डावीकडे, मग उजवीकडे बघायला लावा. टाचा उचलून वरच्या फळीवरचा हलका डबा काढायला सांगा. ओट्याला धरून कडेकडेने चार पावलं जायचं आणि परत यायचं. पडताना बरीच माणसं कडेला कोसळतात, म्हणून कडेचं पाऊल महत्त्वाचं. मागे पाऊल टाकणं सगळ्यात अवघड. ते एक-दोनच, खुर्ची मागे ठेवून.

*वजन एका पायावरून दुसऱ्यावर.* याला कपडे वाळत घालण्यासारखा व्यायाम नाही. दोरी छातीच्या उंचीला बांधा, ओल्या कपड्यांची बादली एका बाजूला स्टुलावर ठेवा, चिमटे दुसऱ्या बाजूला. बादली जमिनीवर ठेवली की वाकताना भोवळ येते. रुमाल, पंचा, ब्लाउज अशी हलकी धुणी द्या. कपडा घ्यायला एकीकडे, चिमटा घ्यायला दुसरीकडे, मध्ये दोन्ही हात वर. पंधरा-वीस कपड्यांत जेवढं वजन इकडून तिकडे जातं तेवढं व्यायाम म्हणून सांगून कुणी करणार नाही. गॅलरीची फरशी मात्र कोरडी हवी. पुरुषमंडळींसाठी पुस्तकांचं कपाट लावणं, कुंड्यांना लहान तांब्याने पाणी घालणं, देवघरातली फुलं बदलणं.

*ठेक्यावर पावलं.* वारकरी घरातल्या एका आजींना ‘एक पाऊल पुढे, एक मागे’ काही केल्या समजत नव्हतं. मुलाने टाळ हातात घेऊन ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ सुरू केलं आणि आजींनी आपणहून पावली धरली: पुढे, मागे, गुडघ्यात हलका झोका, अगदी ठेक्यात. लेकीने दोन्ही बाजूंना खुर्च्या लावल्या आणि मी मागे बेल्ट धरून उभी राहिले, एवढंच आमचं काम. ठेका बाहेरून मिळाला की पाऊल टाकायचा निर्णय मेंदूला पुन्हा पुन्हा घ्यावा लागत नाही. पार्किन्सन्समध्ये किंवा लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात पाय जागीच गोठतात, तेव्हाही टाळ्या किंवा ‘एक-दोन, एक-दोन’ यांनी ते सुटतात. ज्यांच्या घरी पावली नाही त्यांच्याकडे आरती असते, लेझीम असते, शाळेतली कवायत असते. फौजेतून किंवा पोलिसांतून निवृत्त झालेल्यांना ‘कदमताल’ म्हणून बघा. ठेका संथ ठेवा. भजन रंगात येऊन द्रुत झालं की थांबवा.

*वळणं.* सरळ चालताना सांभाळणारी माणसं वळताना पडतात, कारण एका पायावर गर्रकन फिरतात. मोठं वळण घ्यायची सवय लावायची. तुळशीवृंदावनाभोवती किंवा खोलीच्या मध्यभागी ठेवलेल्या खुर्चीभोवती प्रदक्षिणा हा त्यासाठी तयार रस्ता आहे. उलटी प्रदक्षिणा घालायला जुनी माणसं राजी होत नाहीत, आणि ते ठीकच आहे. उलट्या दिशेसाठी जेवणाचं टेबल वापरा, त्यावर ताटं मांडायला लावा.

*उंबरठा.* त्याच्या कडेला भडक रंगाची पट्टी लावा, चौकटीला पकडायला मूठ बसवा. ‘थांबा. धरा. पाय वर.’ रोज चार-पाच वेळा मुद्दाम ओलांडायला लावा.

चालताना गप्प राहायचं. सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्यांना चालता चालता फळांची नावं सांगणं, उलटे अंक मोजणं असा दुहेरी सराव फिजिओथेरपिस्ट देतात आणि त्याचा उपयोगही होतो. पण तो समोर बसून ठरवायचा. घरच्यांनी मनाने करू नये.

किती आणि किती दिवस

न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठात तयार झालेला, जगभर वापरला जाणारा तोलाचा कार्यक्रम आठवड्यातून तीन दिवस साधारण अर्धा तास व्यायाम आणि दोन दिवस चालणं, असा आहे. डिमेन्शियात मी तो अर्धा तास तोडते: सकाळी पंधरा मिनिटं, दुपारच्या झोपेनंतर दहा, आणि जमेल तेवढे दिवस, कारण ‘एक दिवसाआड’ लक्षात राहत नाही, ‘रोज’ अंगात राहतं. फिनलंडमध्ये अल्झायमर्सच्या २१० रुग्णांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा तासभर व्यायाम घेतलेल्यांचं पडणं इतरांपेक्षा कमी झालं, आणि घरी येऊन व्यायाम घेतलेल्यांचं दैनंदिन कामांतलं परावलंबित्व कमी वेगाने वाढलं. फरक दिसायला दोन-तीन महिने द्या. सोडलं की मिळवलेलं काही आठवड्यांत जातं.

व्यायामाने विसरणं थांबेल अशी आशा मात्र ठेवू नका. ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जोरदार व्यायामाने अंगातली ताकद वाढली, पण डिमेन्शियाचा वेग मंदावला नाही. पाय सांभाळणं हे स्वतंत्र आणि पुरेसं कारण आहे.

छातीत दुखलं, बोलता येणार नाही इतका दम लागला, चक्कर आली, चेहरा पांढरा पडला, तर त्या दिवशी बंद. काल चालणारा माणूस आज अचानक लटपटतोय, बरळतोय, तर तो बहुतेकदा डिमेन्शिया वाढलेला नसतो. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, शौचाला खडा होणं, नवीन औषध, असं काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर.

आजार पुढे गेल्यावर उभं राहणं आधारानेच उरतं. तेव्हाही कॉटच्या कडेला पाय टेकवून, पाठीला आधार न देता पाच-दहा मिनिटं बसवा, हातात उशी किंवा घडी घालायला टॉवेल द्या. बसण्याचा तोल टिकला तर भरवणं, आंघोळ घालणं, सगळंच सोपं राहतं.

न्हाणीघर आणि रात्र

सगळा सराव पहाटे तीनच्या लघवीपाशी तपासला जातो. जाग येते, घाई असते, दिवा लावायचं सुचत नाही, रक्तदाब उतरलेला असतो, झोपेची गोळी अजून अंगात असते. म्हणून कॉटपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवे ठेवा, आणि न्हाणीघराचं दार अर्धं उघडं ठेवून आतला दिवा चालू ठेवा, म्हणजे ते कॉटवरून दिसेल. दिसलं की सापडतं. फार त्रास असेल तर कमोडची खुर्ची कॉटशेजारी आणा. पाण्याचा बराचसा भाग संध्याकाळपर्यंत पाजा, पण पाणी तोडू नका. कॉटला उंच कठडे लावण्याच्या मी विरोधात आहे. गोंधळलेला माणूस त्यांच्यावरून चढतो आणि आणखी उंचावरून पडतो.

न्हाणीघरात पकडायला भिंतीत ड्रिल करून बसवलेले दांडे हवेत. टॉवेलचा दांडा किंवा नळ वजन पेलत नाही, आणि रबरी वाटीने (सक्शनने) चिकटणारे दांडे दगा देतात. पांढऱ्या टाइल्समधला पांढरा कमोड नीट दिसत नाही; रंगीत सीट बसवा. काळं पायपुसणं अनेकांना खड्डा वाटतं आणि ते त्याला वळसा घालायला जातात. आंघोळ स्टुलावर बसून.

काठी आणि वॉकर

साधन लवकर हातात द्या. आजार वाढल्यावर नवीन साधनाची सवय लागत नाही. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. माणूस वॉकर उचलून हवेत धरून चालत असेल, तर तो वॉकर मदतीचा राहिलेला नाही. पुढे चाकं असलेला वापरून बघा, नाहीतर माणसाचा आधार द्या. महाराष्ट्रात ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यात मिळण्याची तरतूद २०२४ पासून आहे. जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात चौकशी करा.

पडल्यावर

पहिली प्रतिक्रिया दोन्ही बाजूंनी धरून उचलायची असते. ती आवरा. तिथेच शेजारी बसा, डोक्याखाली काही द्या, दोन मिनिटं जाऊ द्या. डिमेन्शियात ‘कुठे दुखतंय?’ला नीट उत्तर येत नाही, म्हणून चेहरा बघत हातपाय हलके हलवा. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, मांडीला हात लावताच कण्हले, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजून न हलवता १०८ ला फोन करा. डोक्याला मार आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे दिसले तरी रुग्णालय गाठा.

इजा नसेल तर कुशीवर वळवा, मग रांगायच्या स्थितीत आणा. समोर खुर्ची ठेवून तिच्यावर दोन्ही हात, चांगला पाय पुढे उभा, आणि वर उठता उठता मागून दुसरी खुर्ची सरकवा. जोर त्यांनी लावायचा, तुम्ही फक्त दिशा द्यायची. नाहीच जमलं तर चादर पांघरून माणसं गोळा होईपर्यंत तिथेच झोपू द्या.

नंतर वहीत लिहा: किती वाजता, कुठे, कशासाठी निघाले होते, पायात काय होतं, शेवटची गोळी कधी घेतली, उठताना की वळताना. तीन-चार नोंदी झाल्या की एकच जागा किंवा एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसायला लागते. ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. सरावात काय बदलायचं ते तिच्यातून ठरतं.